आधी मागं बघा

सगळ्यांचा एकत्र फोटो काढून झाला, माणसं हसत-बोलत पंगतीकडे निघाली, की आमचे घरमालक त्याच जागेचा आणखी एक फोटो काढायचे. कॅमेरा स्टँडवर तसाच, कोन तोच, उजेड तोच. फक्त माणसं नाहीत. खुर्च्या, चुरगळलेली सतरंजी, कुणाचा तरी राहिलेला रुमाल.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. तसं म्हटलंही. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "बाई, माणसं गेल्यावरचा एक घ्यायचाच. फोटोत मधीच कोण आडवा आला, मागनं म्हस गेली, तर ह्यातला तेवढा तुकडा घेऊन झाकता येतंय."

हे पटण्यासारखं होतं. पण बेळगावात टिळकवाडीतल्या त्यांच्या बंगलीच्या खालच्या मजल्यावर, जिथे ते एकटे राहायचे, भिंतीवर सगळे हेच फोटो लावलेले होते. रिकामा मांडव. शाळेच्या रिकाम्या पायऱ्या. रिकामा पाळणा. एकाही फोटोत माणूस नव्हता. वरचा मजला भाड्याने बघायला आम्ही गेलो तेव्हा माझा नवरा ऐटीत सोफ्यावर बसला, आणि समोरच्या भिंतीवरचा रिकाम्या सोफ्याचा फोटो बघून पुन्हा उठला. सोफा तोच होता.

"ह्यात कोण कोण हायत ते मला ठावं हाय," घरमालक म्हणाले. आम्ही काही विचारलंही नव्हतं.

तरी आम्ही ती जागा घेतली, कारण पाणी चोवीस तास होतं आणि मी ज्या कॉलेजच्या ऑफिसात काम करते ते चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पाण्यासाठी बेळगावात माणूस भुताच्याही शेजारी राहील. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. त्यांचा पूर्वी निपाणीत स्टुडिओ होता. तो बंद करून ते इथे आले आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून लोकांचे फोटो दुरुस्त करत बसले. त्या खोलीचे पडदे दिवसाही ओढलेले असायचे. उन्हात स्क्रीनवरचे रंग खोटे दिसतात, हे त्याचं कारण होतं. पण त्या काळोखात निळसर उजेडाने त्यांचा चेहरा खालून उजळलेला असायचा आणि ते स्क्रीनवरच्या अनोळखी माणसांशी बोलत असायचे. "हल की जरा. तुझ्या मागं काय दडलंय बघू दे."

शिकवायचा त्यांना भारी सोस. माझ्या हातात मोबाइल दिसला की धडा सुरू. आधी काच पुसा, भजी खाल्लेल्या बोटांनी धुकं पडतंय. बोटांनी चित्र मोठं करू नका, पाय दिलेत देवानं, फुडं चालत जावा. पोराचा फोटो काढायचा तर गुडघ्यावर बसा, वरनं काढला की पोरगं विहिरीत पडल्यागत दिसतंय. भर दुपारी तोंडावर ऊन घेऊ नका, डोळ्यांच्या जागी भोकं दिसत्यात. आणि फोटो काढला म्हणून मोबाइल लगेच खाली करू नका. "झाला म्हटलं की माणूस तोंड सोडतोय. तवा खरा दिसतोय. तवाच परत दाबायचं."

पण सगळ्यात वरचा नियम एकच. "आधी मागं बघा. तोंड कुठं पळून जात न्हाय. मागं काय हाय, कडंला कोण हाय, ते आधी. मग तोंड."

माझ्या नवऱ्याला हे ऐकून हसू यायचं. डोक्यातून विजेचा खांब उगवलेला दिसू नये, मागे कपड्यांची दोरी येऊ नये, म्हणून कुठलाही फोटोवाला हे सांगतो. अण्णांचं कारण वेगळं होतं, ते मला उशिरा कळलं.

गल्लीतली एक मुलगी एकदा आपला फोटो घेऊन आली होती. लग्नासाठी पाठवायचा होता. गालावरचा तीळ काढून चेहरा गुळगुळीत करा म्हणाली. अण्णांनी चेहऱ्यावरचा उजेड सारखा केला, पिवळेपणा कमी केला, मागची बादली पुसली. तिळाला हात लावला नाही.

"पिंपल काढतो. ती आठ दिसात जाती. तीळ न्हाय. उद्या ओळखायचं झालं तर कशावरनं ओळखायचं तुला?"

मुलगी पांढरी पडली आणि फोटो न घेताच गेली. मी त्यांच्यावर चिडले. लग्नाच्या मुलीशी असं कुणी बोलतं का, असं स्पष्ट विचारलं. तेव्हा त्यांनी निपाणीची हकीकत सांगितली. हायवेला बेवारस मयत सापडलं की पंचनाम्याचा फोटो काढायला त्यांना बोलावणं यायचं. नंतर कुणाचं माणूस हरवलेलं असलं की नातेवाईक स्टुडिओत येऊन ते फोटो बघायचे.

"तोंड बघून कोण ओळखत न्हाय बाई. आईसुद्धा न्हाय म्हणती. माझा न्हाय, माझा न्हाय. मग मनगटावरचा दोरा दिसतोय, न्हाय तर इजारीला लावलेलं ठिगळ. आणि मग खाली बसती." मग ते म्हणाले, "त्या फोटोंत आणखी एक असतंय. मागं कोण म्हणजे कोण उभं नसतंय. लई मोकळं मागलं. तवापासनं मी कुणाचाबी फोटो आला की आधी मागं बघतो, ह्याच्यामागं कोण हाय काय."

त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत जाताना मी सोबतीला मुलाला घेऊन जाऊ लागले.

आणखी एक नियम होता, आणि त्यापायी त्यांची बरीच गिऱ्हाइकं तुटली. आमच्याकडे फोटोत माणसं घालायची पद्धत आहे. लग्नाआधी वडील वारले असले, तर त्यांचा ओळखपत्रावरचा चेहरा घेऊन, खाली कोणाचा तरी कोट चढवून, त्यांना मुलीच्या मागे उभं करून देतात. गावात सगळेच करतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. खानापूरकडचं एक कुटुंब वारलेल्या वडिलांचा असाच फोटो घेऊन आलं. लग्नाचे फोटो अण्णांनीच काढलेले होते. त्यांनी विचारलं, "वडील लग्नाला आलते काय?"

"आले असते तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" नवरीचा भाऊ तडकला.

"मग न्हाय. आलेल्या माणसाला मी काढत न्हाय, न आलेल्याला घालत न्हाय. तार काढीन, बादली काढीन, कुत्रं काढीन. माणूस न्हाय."

नवरी रडायला लागली. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते आणि मनात त्यांना शिव्या घालत होते. अण्णा उठले, कपाटातून एक फोटो काढून त्यांनी नवरीच्या आईच्या हातात दिला. माणसं गेल्यावरचा. मांडव, पाट, विझत आलेला होम, एकही माणूस नाही. "ह्यात बघा," एवढंच म्हणाले. ती बाई कितीतरी वेळ त्या रिकाम्या मांडवाकडे बघत राहिली. मग तिने पदराने फोटो पुसला, आणि कुणाशी न बोलता तोच घेऊन गेली. पुढे मी त्या घरी कामानिमित्त गेले होते. समोरच्या भिंतीवर तोच लावलेला होता, हार घालून.

आता आमची गोष्ट. माझे आईवडील निपाणीला राहतात. आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, आता घरीच असतात. दर सुट्टीला ते आमच्याकडे येत आणि आम्ही कुठे ना कुठे फिरायला जात असू. गोकाकचा धबधबा, सौंदत्तीचा डोंगर, आंबोली. माझा नवरा वाटेतल्या कुणाच्या तरी हातात मोबाइल देऊन सगळ्यांचा फोटो काढून घ्यायचा. असे दोन-तीन वर्षांचे फोटो एकदा अण्णांना दिले. भिंतीवर लावण्यासारखे निवडा, थोडे नीट करून द्या, म्हटलं.

दोन दिवसांनी त्यांनी खाली बोलावलं. पडदे ओढलेले, स्क्रीनवर आमचा गोकाकचा फोटो. त्यांनी तो मोठा करत नेला. आम्ही सगळे कडेला सरकत सरकत स्क्रीनबाहेर गेलो. उरली मागची गर्दी, झुलत्या पुलाचा खांब, आणि खांबाला लागून एक बाई. डोक्यावरून पदर, तोंड फिरवलेलं.

"ही तुमच्याबरोबर आलती काय?"

"नाही. असेल कुणी गर्दीतली."

त्यांनी सौंदत्तीचा फोटो लावला. पायऱ्यांवर, भंडाऱ्याच्या दुकानाआड तीच. आंबोलीच्या धुक्यात नुसती आकृती, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच: एका पायावर भार, दुसरं पाऊल त्या पायावर ठेवलेलं. मग त्यांनी मुलाच्या वाढदिवसाचा फोटो लावला. हा घराच्या गच्चीवरचा. केक, फुगे, टोप्या. गच्चीच्या कठड्यापलीकडे खाली रस्ता दिसत होता आणि रस्त्यापलीकडच्या गुलमोहराखाली ती उभी होती. आमच्या घराकडे तोंड करून असावी, पण फांदीच्या सावलीने चेहरा खाल्ला होता.

"मी घातलेली न्हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुमच्या मागं कोण तरी असतंय बाई."

त्या आठवड्यात मी रस्त्याकडची खिडकी उघडली नाही. बाजारात भाजी घेता घेता गर्रकन वळून बघायचे आणि मागची माणसं दचकायची. नवऱ्याने माझी भरपूर टिंगल केली. योगायोग म्हणाला, मोबाइलच हल्ली काहीबाही चित्रात घालतो म्हणाला, आणि माझी भीती घालवायला म्हणून त्याने सौंदत्तीच्या फोटोतल्या त्या बाईवरून बोट फिरवलं. आजकालच्या मोबाइलमध्ये ती सोय असते. बाई नाहीशी झाली. "बघ, गेली."

मी फोटो हातात घेतला. पायरीवर तिची सावली तशीच पडलेली होती.

अण्णांना ते दाखवलं, तर त्यांचा चेहरा काळवंडला. "पुसायचं झालं तर सावलीसकट पुसावं, हे बी कळंना त्या यंत्राला. पण तुम्ही पुसायच्या आधी विचारायचं तरी, कोण गं तू म्हणून." ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले.

ती कोण, हे सांगितलं माझ्या आईने.

आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार बळावला होता. बेळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेलीही हळूहळू जाईल. लांबचं तिला सगळं धुक्यात दिसायचं. हाताच्या अंतरावरचं, मोठं केलेलं तेवढं कळायचं. तपासणीसाठी ती आमच्याकडे राहायला आली होती. येताना मी सांगितलेला एक जुना फोटो तिने आणला होता. आई-आप्पांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तो नीट करून द्यावा असा माझा बेत होता.

त्या फोटोत आई, आप्पा आणि फ्रॉकमधली मी आहे. उजवी बाजू कात्रीने कापलेली आहे. तिथे माझी थोरली बहीण उभी होती. सुमाक्काने कॉलेजातल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा बौद्ध समाजातला, हुशार, पुढे मोठा इंजिनिअर झाला. पण आप्पांनी सगळ्या भावकीला गोळा करून शपथ घेतली, की ही पोरगी परत दारात दिसणार नाही. आणि घरातल्या प्रत्येक फोटोला कात्री लावली. मी तेव्हा शाळेत होते. या एका फोटोत तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तो कापायचा तर मलाही कापावं लागलं असतं. त्यामुळे माझ्या खांद्यावर बोटं राहिली, मागे माणूस नाही. मला त्याची सवय होती. पाहुणे मात्र त्या फोटोखाली बसायचे टाळायचे.

मी अण्णांना म्हटलं, कड सरळ करा आणि हात तेवढा काढा.

"मी माणूस काढत न्हाय, सांगितलंय."

"माणूस कुठं आहे? नुसती बोटं आहेत."

"बोटं काय झाडाला लागत्यात?"

आई माझ्या शेजारी बसून हे ऐकत होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, काय मनात आलं कुणास ठाऊक, जुना फोटो बाजूला ठेवून त्यांनी गोकाकचा फोटो लावला आणि खांबाजवळची बाई स्क्रीनभर मोठी केली. आईने नाक जवळजवळ स्क्रीनला लावलं. तिने चेहरा बघितलाच नाही, तो दिसतही नव्हता. तिची नजर पायांवर गेली.

"पायावर पाय ठेवून उभी हाय," आई म्हणाली. "शाळेच्या रांगेत अशीच उभी ऱ्हायची. मार खाल्ला तरी सवय गेली न्हाय. ही माझी सुमी हाय."

आईने स्क्रीनवर हात ठेवला तेव्हा मला हुंदका आवरला नाही.

त्यानंतर आईने हट्ट धरला, मला फिरायला न्या. जिला घराबाहेर पडायचं म्हटलं की गुडघे आठवायचे, ती आता दर रविवारी चप्पल घालून तयार. आप्पाही निपाणीहून यायचे, पण सुमीबद्दल त्यांना काही सांगायचं नाही, अशी मला ताकीद. कुठेही गेलो तरी तिचं एकच, फोटो काढा, मागचं सगळं येऊ दे. मग ती तो अण्णांकडे घेऊन जायची आणि ते सुमाक्काला शोधून काढायचे. ती दर वेळी असायची. दर वेळी तोंड फिरवून. फोटो झाला आणि मी वळून धावले, की ती जागा रिकामी. जिवंत बहिणीची इतकी भीती वाटावी, याचं मला आजही नवल वाटतं.

एकदा तवंदी घाटात आईला राहवलं नाही. फोटो व्हायच्या आतच ती वळली आणि "सुमे, सुमे" करत धुक्यात चालल्यासारखी हात पुढे करून निघाली. एका अनोळखी बाईचा दंड तिने धरला. त्या बाईने दचकून झटकून टाकला. आप्पा आईला ओढून परत घेऊन आले आणि सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसले. घरी परतताना गाडीत आई एवढंच म्हणाली, "तोंड बघायचं हुतं. डोळं जायच्या आत. मग काय न्हाय मागणं."

हे मी अण्णांना सांगितलं. मग त्यांनी आमचे सगळे फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी मांडले.

"ग्रुपचा फोटो काढताना काय सांगतो मी?"

"खांद्याला खांदा लावा. मध्ये फटी ठेवू नका."

"आणि तुमचे आप्पा काय करत्यात?"

मी बघितलं. प्रत्येक फोटोत आप्पा हातभर लांब. आम्ही त्यांना नेहमी म्हणायचो, आत सरका, आणि ते कधी सरकायचे नाहीत. हेकटपणा म्हणून आम्ही सोडून द्यायचो. आता अण्णांनी बोट ठेवलं आणि मला दिसलं, की प्रत्येक फोटोत सुमाक्का नेमकी त्या फटीतून दिसत होती. आप्पा आत सरकले असते तर ती एकाही फोटोत आली नसती.

"दिवाणजी हेकट न्हायत बाई. जागा सोडाल्यात."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून निपाणीला गेले. आप्पा जुन्या वखारीबाहेरच्या बाकावर बसले होते. मी सरळच विचारलं. ते नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"फोन करतो मी तिला. कुठं जाणार हाय, कुठं उतरायचं, सांगतो. मागं ऱ्हा म्हणतो. तोंड दावू नको म्हणतो."

"कधीपासून?"

"तुझ्या लग्नापासनं. तुझ्या मांडवात बी आलती. आचाऱ्याकडच्या बायकांत बसलती."

"मग आईला का नाही सांगितलं?"

"आईला सांगितलं तर ती थांबंल व्हय? पळत जाईल, मिठी मारंल. भावकीत मी काय तोंड दाखवू? शपथ घेतलीया मी." मग आवाज उतरवून म्हणाले, "बघायला तरी मिळतंय पोरीला. तेवढं मी केलंय."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. मी त्यांना सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते. आईचे डोळे फार दिवस नाहीत. किती थोडे दिवस उरलेत हे तिला पूर्ण माहीत नव्हतं, आप्पांनाही नव्हतं. ते म्हणाले, "बघू." आप्पांच्या तोंडून 'बघू' म्हणजे नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं.

पुढच्या रविवारी राजहंसगडावर जायचं ठरलं. अण्णा म्हणाले, मी येतो. ते कधी कुणाबरोबर फिरायला गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. कॅमेरा, स्टँड, डोक्याला मफलर, अशा थाटात ते गाडीत पुढे बसले आणि वाटभर आप्पांशी तंबाखूच्या भावावर बोलत राहिले.

गडावर वारा होता. ऊन उतरायला लागलं होतं. अण्णांनी आम्हाला तटापासून बरंच पुढे, सुकलेल्या गवतात उभं केलं. "भिंतीला चिकटलं की पोलिसांनी धरल्यागत दिसतंय. पुढं या. ऊन एका गालावर येऊ दे." आईला मध्ये घेतलं. मी, नवरा, मुलगा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आप्पा, नेहमीसारखे हातभर लांब.

"आप्पा, आत सरका की," नवरा म्हणाला.

"ऱ्हाऊ द्यात त्यास्नी तिथंच," अण्णा म्हणाले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

ते बराच वेळ हलले नाहीत. वाऱ्याने गवत सळसळत होतं. माझ्या मानेवर मागून कुणीतरी बघत असल्याची ती जुनी थंड जाणीव झाली, आणि या वेळी मला माहीत होतं कोण आहे, तरीही ती तशीच झाली.

अण्णांनी डोकं वर काढलं. "दिवाणजी, आलीया," ते म्हणाले. "तटाच्या दारात हाय. पायावर पाय ठेवून."

आईने माझा हात घट्ट धरला. आप्पांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. 

"मी आजवर फोटोत माणूस घातला न्हाय," अण्णा म्हणाले. "आजबी घालणार न्हाय. ते तुमचं काम हाय."

आप्पा उभेच राहिले. मला वाटलं, आता हे चिडून गाडीकडे चालू लागतील. त्यांनी एकदा खाली रस्त्याकडे पाहिलं, भावकीतलं कुणी आहे का बघावं तसं. मग ते आत सरकले, कधी नव्हे ते, आणि त्यांनी आईचं दुसरं मनगट धरलं.

"चल," म्हणाले.

"कुठं?"

"मागं. सुमी आलीया."

आईचा हात माझ्या हातातून सुटला. मी वळणारच होते.

"हिकडं बघा!" अण्णा ओरडले. "तुम्ही कोण मागं बघायचं न्हाय. त्या तिघांस्नी जरा ऱ्हाऊ द्यात. माझ्याकडं बघा. इल्ली नोडी," तेच त्यांनी कानडीतही सांगितलं.

का कोण जाणे, मी ऐकलं. नवरा आणि मुलगाही ताठ उभे राहिले. आम्ही तिघं कॅमेऱ्याकडे बघत उभे, आणि आमच्या मागे आईच्या चपला गवतात घासत लांब जात होत्या. "हळू, दगड हाय," आप्पांचा आवाज. मग चपला थांबल्या. मला फक्त अण्णांचा चेहरा दिसत होता. आमच्यावरून पलीकडे बघता बघता त्यांचे ओठ थरथरायला लागले. बटणावरचं बोट तसंच होतं, दाबत नव्हते.

मागून एक हुंदका आला. तो आवाज मी शाळेत असल्यापासून ऐकला नव्हता, तरी ओळखला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला मी हात वर केला नाही.

"जवळ ये," आई म्हणत होती. "आणि जवळ. खाली वाक. हां, अशी ऱ्हा."

वारा पडला होता. आईचं बोलणं अगदी कानाशी असल्यासारखं ऐकू आलं.

"केस पिकलं की गं तुझं, सुमे."